मिरचीच्या ट्रेमधले मासे

कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की सुरुवातीला काहीच होत नाही. ती पडून राहते. मग आतून कुरकुरते, कडेनं फुटते, आणि बघता बघता टपात तपकिरी भुशाचा ढीग वर येतो. ओल्या काथ्याचा, जुन्या मोटेच्या दोरासारखा वास शेडनेटभर पसरतो. परवा मी कोरीटला माहेरी गेले तेव्हा माय टपाशी बसून हा ढीग हातानं मोकळा करत होती. मी उंबऱ्यावरच उभी राहिले आणि हसायला लागले.

"हासी काय ऱ्हायनी वं?" माय म्हणाली.

मी कशाला हसतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती मान वर न करता भुसा कालवत राहिली, पण तिचे खांदे हलत होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, मिरचीची रोपं टाकायच्या दिवसांत, आमच्या घरात हे हसू दरवर्षी येतंच. काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामानं ते आम्हाला दिलंय.

नंदुरबार म्हटलं की बाहेरच्या माणसाला लाल मिरची आठवते. हिवाळ्यात शहराबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, वारा तिकडून सुटला की सगळं गाव शिंकतं, आणि पाहुणे स्टॅंडवर उतरतानाच नाकाला रुमाल लावतात. तो हंगाम फोटो काढण्याचा. मला मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, हा तपकिरी हंगाम आवडतो. उन्हानं अंगणातली फरशी तापलेली, गच्चीवर कुरडया, हौदाशेजारच्या निंबाला झोका, सासरहून आलेल्या पोरींचा गलका, आणि शेडनेटच्या हिरव्या सावलीत बायका ओळीनं बसून ट्रेच्या एकेका खळग्यात बोटानं खड्डा करून एकेक बी सोडत असतात. बोलणं चालू, हात चालू. मिरची तेव्हा फक्त एक चपटा पिवळा ठिपका असते. तिच्यावर किती जणांचं वर्ष अवलंबून आहे हे तिच्याकडे बघून कळत नाही.

माशांचं सांगायचं तर इरफानभाईंपासून सांगावं लागेल. मी लोणखेड्याला कॉलेजात भूगोल शिकवते. मुलीच्या हट्टानं घेतलेला काचेचा टॅंक गळायला लागला म्हणून कोणीतरी नंदुरबारच्या इरफानभाईंचं नाव सुचवलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामातलं. दुकानात पुढे कपाटं आणि दिवाण, मागच्या खोलीत मात्र भिंतभर काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत मासे. टॅंकची कड चिकटवून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, टपालानं आलेले मासे बघायचे?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी एक जाड पाकीट आणलं. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मूठभर ओलसर भुसा. तो त्यांनी एका डब्यात ओतला आणि वरून माठातलं गार पाणी घातलं. "आता चहा घेऊ," म्हणाले. आमचा चहा झाला, त्यांच्या पत्नीनं आग्रहानं नानखटाई वाढली, तीही झाली, आणि मग त्यांनी डबा खिडकीशी नेला. पाण्यात काहीतरी तुटक तुटक हलत होतं. पापणीच्या केसाएवढं. एका टोकाला दोन डोळे.

मी त्या दिवशी घरी गेले ती टॅंक घ्यायचाच विसरून.

हे मासे आफ्रिकेतले. तिथल्या माळरानांवर पावसाळ्यात डबकी भरतात आणि उन्हाळ्यात कोरडीठाक पडतात. या माशांचं सगळं आयुष्य त्या डबक्यातच. पाणी आहे तोवर जन्मायचं, घाईघाईनं मोठं व्हायचं, जोडी जमवायची आणि चिखलात अंडी पुरून ठेवायची. पाणी आटलं की मोठे मासे मरतात. अंडी भेगाळलेल्या मातीत झोपून राहतात, आणि पुढच्या पावसात त्यांतून पिल्लं निघतात. म्हणजे एका पिढीची दुसरीशी भेटच नाही. ना आईनं लेकरू पाहिलेलं, ना लेकरानं आई. हे इरफानभाईंनी सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं, आणि ते म्हणाले, "रोऊ नका ताई, त्यांचं मस्त चाललंय."

नर करंगळीएवढा. अंग निळसर, प्रत्येक खवल्याला लाल किनार, आणि शेपटी आमच्या पथारीवरच्या मिरचीसारखी लालभडक. मादी बिचारी राखाडी. टॅंकमध्ये कोकोपीट भरलेली एक वाटी ठेवायची. नर पंख पसरून मादीला तिथवर नेतो, दोघं शेजारी शेजारी भुशात शिरतात, थरथरतात, आणि एक अंडं त्यात राहतं. मग पुन्हा. दिवसभर. काही दिवसांनी वाटीतला भुसा गाळायचा, मुठीत दाबून पाणी काढायचं, पिशवीत भरायचा आणि महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा. आपण त्यांच्यासाठी उन्हाळा तयार करतो, इतकंच.

मी तासन्‌तास बघत बसायची ते या वाटीकडे. या माशानं आयुष्यात कधी आटणारं पाणी पाहिलेलं नाही. त्याच्या बापानं नाही, आजानं नाही. नंदुरबारच्या सुताराच्या मागच्या खोलीत त्याला बारमाही पाणी, वेळेवर खाणं. तरी तो रोज उठून एका दुष्काळाची तयारी करतो. त्याला हे कोण सांगतं? आणि सगळी अंडी एकाच पाण्याला फुटतही नाहीत. काही उठतात, काही मुद्दाम झोपून राहतात, पहिला पाऊस फसवा निघाला तर असू दे म्हणून. दुबार पेरणीचं बी राखून ठेवणारा मासा! हे मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा मासा म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या त्या माणसानं पहिल्यांदा मान डोलावली.

गावात सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, हे खातात का? नाही म्हटलं की लोकांचा रस संपतो. मग कशाला पाळायचे, हे मला पटवून देता येत नसे. आता मी सरळ सांगते. हा मासा ज्या डबक्यातला आहे ते डबकं बुजलं. तिथं जाऊन आलेल्या एकानं हे मासे पाळणाऱ्या आम्हा लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. भराव घातलेली जमीन, वर रस्ता, रस्त्याकडेला पत्र्याची दुकानं. मी भूगोलाची शिक्षिका, नकाशावर ते ठिकाण बोटानं कितीदा शोधलंय. ते सापडतं, पण पाणी सापडत नाही.

पाळणाऱ्यांची एक रीत आहे. माशाच्या नावापुढे ते त्याच्या डबक्याचं नाव लावतात, आणि दोन डबक्यांचे मासे दिसायला सारखे असले तरी एकत्र करत नाहीत. आपल्याकडे सोयरीक बघताना नुसतं पाटील सांगून भागत नाही, कुठले पाटील, हे विचारतातच. तसंच. डबकं नाहीसं झालं, पण माशाच्या नावात ते गाव अजून आहे. आणि तो मासा कुठे जिवंत आहे? तर जगभरच्या काही घरांत. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या फ्रीजशेजारी, कुणी बँकेत नोकरीला, कुणी सुतार. त्यांना कुणी नेमलेलं नाही. आवडलं म्हणून सुरू केलं, आणि सोडलं तर हा मासाच संपेल असं लक्षात आल्यावर आता सोडवत नाही. इतकं साधं आहे ते.

यातला पहिला नियम इरफानभाईंनी मला शिकवला. सगळा माल एका घरात ठेवायचा नाही. म्हणून अंडी भरली की ते अर्ध्या पिशव्या मला द्यायचे.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. इरफानभाईंचे मोठे मासे वय होऊन गेले होते, ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्याकडच्या पिशव्यांत ओल जास्त राहिली आणि अंड्यांना बुरशी लागली. ज्यांच्याकडून मूळ पाकीट आलं होतं त्या दक्षिणेतल्या गृहस्थांना विचारलं, तर त्यांचे मासे आधीच संपलेले. परदेशात कोणाकडे असतील, नसतील, खात्रीनं सांगणारं कोणी भेटेना. "ताई," इरफानभाई फोनवर म्हणाले, "आता तुमच्याकडे आहेत तेवढेच." मी कपाट उघडून त्या पिशव्यांकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचं, स्लॅबखालचं आमचं घर. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

आखाजी जवळ आली होती आणि मी माहेरी निघालेच होते. कोरीटच्या घरात मागच्या अंगाला एक धाब्याची खोली आहे. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत. सगळं गाव भट्टीत असलं तरी तिथं घागरीतल्यासारखा गारवा असतो. बियाणं कायम तिथंच राहतं. अंड्यांना याहून चांगली जागा कुठली? मी पिशव्या फळीवर मांडल्या आणि मायला बजावलं, "माय, या पाकिटस्मा मासास्ना अंडा शेतस. हात नको लावजो."

"बरं माय," ती म्हणाली. ती तेव्हा पुरणाच्या मांड्यांसाठी खापर तापवत होती.

ती आखाजी मोठी गोड झाली. आंब्याचा रस, कुरडया, मैत्रिणींबरोबर झोक्यावर उभ्यानं घेतलेले झोके आणि नंतर दुखणारे गुडघे. मग मी पेपर तपासायला लोणखेड्याला परत गेले. आठवडाभरानं पुन्हा आले, सगळ्यांत आधी धाब्याच्या खोलीत गेले, आणि फळी रिकामी.

"माय, मन्हा पाकिटं कोठे शेतस?"

"कोनता? ते भुसाना?" माय बाहेरूनच ओरडली. आवाजात कौतुक होतं. "तेस्मा मिरची लाई दिधी!"

मी खाटेवर बसले. माय पदराला हात पुसत आत आली आणि मोठ्या प्रेमानं सगळं सांगू लागली. ट्रे भरता भरता कोकोपीट कमी पडलं. दुकान आखाजीपासून उघडलंच नव्हतं. तेव्हा तिला माझ्या पिशव्या आठवल्या.

"आन मी सांगं व्हतं ना, अंडा शेतस?"

"सांगं व्हतं ना. म्हनीसनच मी खोलीसन देखं. अंडं एक बी नही. भुसाच भुसा! मी म्हनं, पोर मस्करी करी ऱ्हायनी. माहेरले पहिल्यांदा शेतीना कामनं काही लई उनी, आन नीट सांगाले लाजी ऱ्हायनी."

तिच्या डोक्यात अंडं म्हणजे कोंबडीचं. या माशाचं अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, त्याच रंगाचं, आणि भुशात ते कोणालाच दिसत नाही. मिरचीच्या पट्ट्यात कोकोपीट म्हटलं की ट्रेच आठवणार. जगात दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली नसती. मला रडू येत होतं आणि त्यातच हसू फुटत होतं, आणि माय माझ्या तोंडाकडे बघून आता पाणी द्यावं की पाठीत धपाटा, या विचारात उभी होती.

"कोनता ट्रेमा टाकं?" मी कसंबसं विचारलं. शेडनेटमध्ये ट्रेच्या थप्प्या लागल्या होत्या.

तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक तेव्हा जरा उतरलं. "शेवटला ट्रे. मन्ही घरनी मिरची लायी ना तेस्मा."

ही घरची मिरची म्हणजे मायचा जीव. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून पदरात बांधून आणलेली. बाकी सगळं शेत कंपनीच्या बियाण्याचं, पण एक ओळ दरवर्षी या मिरचीची. वाकडी, जाड सालीची, उत्पन्न कमी, आणि तिखट इतकी की नाना ठेच्याला हात लावण्याआधी पाण्याचा तांब्या जवळ ओढतात. बाजारात तिला कोणी विचारत नाही. माय तिचं बी कोणाला देतही नसे. बी दुसऱ्याच्या घरी गेलं की आपल्याकडे राहत नाही, असा तिचा समज. आदल्या वर्षी उंदरांनी डबा फोडला होता, आणि त्यातून वाचलेलं सगळं बी तिनं त्या एका ट्रेत टाकलं होतं.

एकाच ट्रेत दोघींचं शेवटचं. अंडी वाचवायला भुसा आत्ताच काढून घ्यावा तर नुकतीच तोंड वर काढणारी मिरची मेली. मिरची वाचवायची तर पुढच्या दोन-चार दिवसांत ट्रेवर बुरशीचं औषध ओतायचं, आणि त्यात अंडी संपली. आम्ही मायलेकी त्या ट्रेच्या दोन बाजूंना उभ्या होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला मायशी भांडायची भीती वाटली, कारण तिचंही तितकंच खरं होतं.

मी इरफानभाईंना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आले, डोक्याला ओला पंचा बांधून. बी न उगवलेल्या एका खळग्यातून त्यांनी सुईनं जरासा भुसा उचलला, उन्हाकडे धरला आणि खिशातली भिंगाची काच डोळ्याला लावली. सुई हळूच फिरवून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "जिंदा आहे." आणि काच मायच्या हातात दिली. "बघा मावशी. ते अंडं."

मायनं बघितलं. काच उलटीसुलटी करून पुन्हा बघितलं. "एवढुसं?"

अंडी अजून कच्ची होती. आत्ता भुसा भिजवला असता तरी काही निघालं नसतं. त्यांना आणखी महिनाभर झोप हवी होती, ऊब हवी होती, आणि ओल हवी होती पण पाणी नको होतं. म्हणजे मिरचीच्या ट्रेला लागतं नेमकं तेच. रोपं लावणीला येतील तोवर अंडीही पिकतील. फक्त औषध टाकायचं नाही.

"बिगर औसदनं रोपं बठी जातीन बठ्ठी," नाना म्हणाले. ते खोटं नव्हतं. रोप बुडाशी सडवणारी मर लागली की ट्रेच्या ट्रे आडवे पडतात.

माय खाली बसली. तिनं ट्रे पुढ्यात ओढला. कुठे कुठे वाकलेली हिरवी मान वर येत होती. त्यावरून तिनं बोट फिरवलं, न लावताच. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. तीस-चाळीस वर्षं जपलेलं तिचं माहेर त्या खळग्यांत होतं, आणि मी तिच्याकडे मागत होते ते कुठल्याशा आफ्रिकेतल्या डबक्यासाठी.

"एक पायनामा दोन लेकरं निजेल शेतस," ट्रेकडे पाळण्याकडे बघावं तसं बघत ती शेवटी म्हणाली. "एकले औसद पाजीसन दुसराले मारनं का? ऱ्हाऊ द्या."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा ठेवायला गेले. परत आले तर तिची इरफानभाईंबरोबर घासाघीस चालली होती.

"जराशी राख भुरकाडू का?"

"नको मावशी."

"ताक?"

"नको."

"हळदनं पानी तरी?"

"ते बी नको."

"तुन्हा मासास्ले चालस तरी काय रे भाऊ?"

"निस्तं पानी, मावशी," इरफानभाई कानाला हात लावून म्हणाले. "निस्तं पानी."

तो सगळा ज्येष्ठ मी एका ट्रेच्या बातम्यांवर काढला. मायनं तो ट्रे शेडनेटमधून उचलून ओसरीवर आणला, जिथं सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारी सावली असते. झारीनं नाही, हातानं, लग्नात अक्षता टाकतात तसं ती त्यावर पाणी शिंपडायची. रोज फोन यायचा. आज चार पानं झाली. आज कोपऱ्यातली दोन आडवी पडली, ती काढून टाकली. आज शेजारची विचारत होती, या ट्रेचे एवढे लाड का, तर मी सांगितलं, माझी मिरची गर्भार आहे. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत राहायची. नवरा म्हणायचा, तुझ्या आईची मिरची एकदाची पिकू दे, म्हणजे या घरात दुसरं काही बोलणं होईल.

मर लागली, पण फार पसरली नाही. का नाही ते मला ठाऊक नाही. नशीब म्हणा, ओसरीवरचा वारा म्हणा. अर्ध्याहून अधिक रोपं तगली, जाड देठाची, काळपट हिरवी.

लावणीच्या आदल्या सकाळी आम्ही सगळे ओसरीवर जमलो. पूर्वी गादीवाफ्यावरची रोपं उपटून, मुळं धुऊन लावायचे, ट्रे आले तशी ती पद्धत गेली. मायचे हात ती विसरले नव्हते. एकेक रोप ती खळग्यातून अलगद काढायची, पाण्याच्या टपात धरून मुळांवरचा भुसा सोडवायची, आणि पांढरी स्वच्छ मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. गोणपाटात मायची मिरची, टपात माझे मासे. पाणी माठातलं, गार. इरफानभाई टपाच्या कडेला उकिडवे बसले होते. नाना लांब खुर्चीवर, लक्ष नाही असं दाखवत.

चहा झाला. काही नाही. सगळा भुसा तळाशी बसला. दुसऱ्यांदा चहा झाला. मला वाटलं, आपण महिनाभर एका टपभर काथ्याची सेवा केली.  मग माय टपावर वाकली आणि तिनं मला हाक मारली.

"ए रेखे, हाई काय पयी ऱ्हायनं?"

आम्ही सगळे वाकलो. डोकी एकमेकांवर आपटली.

"त्याले डोया शेतस!" माय किंचाळली.

एक. मग त्याच्या पलीकडे दुसरं. मग नजर बसली आणि दिसायलाच लागली, टपभर, पापणीच्या केसाएवढी, तुटक तुटक पोहणारी. इरफानभाईंनी डोळे पुसले आणि उन्हाला दोष दिला. नाना खुर्चीवरून कधी उठले ते कळलंच नाही. ते टपाशी गुडघ्यांवर बसले होते आणि बोटानं दाखवत होते, "हाई देख, हाई देख, आखो एक." मी मात्र मोठ्यानं रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आनंदानं रडायची संधी माणसाला किती वेळा मिळते?

इरफानभाईंनी पिल्लं डब्यांत वाटून घेतली. उरलेला भुसा दाबून पुन्हा पिशव्यांत भरला, अजून झोपलेल्यांसाठी. निघताना माय त्यांना म्हणाली, "आते तरी दोन-चार घर ठेव रे. एकच घर नको ठेवजो." ते हसून म्हणाले, मावशी, हा आमचा पहिलाच नियम आहे. मग गोणपाटाकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि तुमची मिरची? ती किती घरांत आहे?"

माय तडक उठली. ती आत गेली. मला वाटलं, रागावली. ती बाहेर आली ती ओल्या फडक्यात बांधलेली पाच-सहा रोपं घेऊन. ती तिनं इरफानभाईंच्या हातात ठेवली, आणि लगेच पाठ फिरवली, परत मागून घेईल की काय अशी स्वतःचीच भीती वाटल्यासारखी. त्यांच्या घराला शेत नाही. त्यांनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत ती लावली.

मासे आता पुष्कळ घरांत आहेत. इरफानभाईंकडे, माझ्याकडे, माझ्या दोन विद्यार्थिनींकडे, आणि पाकिटांतून गेलेले लांब लांब. अलीकडे एका परदेशी पाळणाऱ्यानंही अंडी मागवून घेतली. डबकं परत येणार नाही, हे आम्हाला कळतं. कधी कोणी त्याच्या शेजारी दुसरं डबकं राखलं तर सोडायला मासा असला पाहिजे, एवढंच आमचं काम. तोवर तो काचेत राहील. लोक विचारतात, काचेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मासा आपलं रान विसरत नाही का? मी वाटीकडे बोट दाखवते. बघा, अजून तयारी चालू आहे.

मिरचीचं मात्र वेगळं झालं. गेल्या वर्षी चुरडामुरडा आला. पानं मुठीसारखी आवळली, फुलं गळाली, आणि बऱ्याच शेतांबरोबर मायची ती एक ओळही गेली. एका झाडावरही बियाण्याजोगी मिरची धरली नाही, आणि डब्यात जुनं बीही उरलं नव्हतं.  माय पाखडलेले गहू पुन्हा पाखडत बसली. फोनवर नुसतं "हं" म्हणायची. मी कोरीटला गेले तर कधी नव्हे ते जेवणात ठेचा नव्हता.

इरफानभाईंना मी काही सांगितलं नव्हतं. नानांनीच फोन केला असावा. हिवाळ्यातल्या एका दुपारी इरफानभाई आले, वर्तमानपत्राची पुडी मायसमोर ठेवली आणि उलगडली. वाळलेल्या लाल मिरच्या. वाकड्या, जाड सालीच्या.

मायनं एक उचलली. देठ बघितला, टोक बघितलं, कानाशी धरून हलवली, आतलं बी खुळखुळलं. मग तिनं ती मधोमध मोडली, चार बिया थेट जिभेवर टाकल्या आणि चावल्या. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचं नाक लाल झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नाना धावत पाण्याचा तांब्या घेऊन आले, तो तिनं हातानं बाजूला सारला. ती हसत होती.

"तिखी शे रे भाऊ," ती म्हणाली. "गच्चीवर डबामा ऱ्हायनी, पन काहीच इसरनी नही!"